सगळ्यात हळू चालणारा

समुद्राच्या कडेने चार दिवस पायी फिरायचं, ही कल्पना बायकोची होती, आणि त्या घरात बायकोला कल्पना सुचली म्हणजे ठराव पास झाला असंच धरत. ती एका मोठ्या शाळेत वेळापत्रक बनवायची. बेचाळीस शिक्षक, एकतीस वर्ग, एकच प्रयोगशाळा आणि गुडघ्यांमुळे दुसऱ्या मजल्यावर तास नको म्हणणारे पाच जण, हे सगळं एका कागदावर बसवायची तिला वीस वर्षांची सवय होती. त्यापुढे तीन माणसांची सुट्टी म्हणजे हातचा मळ.

तीन माणसं म्हणजे ती, तिचा नवरा आणि तिचे वडील.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. वय चोपन्न, अंगाने भरलेला, बोलणं बेताचं. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी पायी पत्रं वाटली होती. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडे राहायला आले आणि आल्यापासून घरातल्या घरात चालत होते. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत बावीस पावलं होतात आणि परत येताना एकवीस, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. एक पाऊल कुठे जातं, याचा शोध अजून चालू होता.

"बाबांचे पाय आहेत तोवर त्यांना एकदा मनसोक्त चालवून आणायचं," बायको म्हणाली. वडील समोरच बसले होते.

"पाय कुठे चाललेत?" त्यांनी विचारलं. 

पदभ्रमणाच्या सहली काढणाऱ्या एका संस्थेचं पत्रक तिने टेबलावर पसरलं. वाटांच्या पाच श्रेणी होत्या. पहिल्या श्रेणीच्या वाटेवरून बाळाची ढकलगाडी नेता येत होती. दुसरीत थोडे चढउतार होते, तिसरीत ते बरेच होते, चौथीला 'अनुभवी मंडळींसाठी' असं म्हटलं होतं. पाचवीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. नुसता कड्याला लटकलेल्या एका माणसाचा फोटो होता, आणि तो माणूस हसत नव्हता. खाली ठळक अक्षरांत सूचना होती : गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला झेपेल तीच वाट निवडा.

बायकोने ती मोठ्याने वाचली आणि वडिलांकडे पाहिलं. मेकॅनिकनेही सासऱ्यांकडे पाहिलं. जरा जास्तच चपळाईने पाहिलं.

त्याचं कारण असं होतं की मेकॅनिकला गेल्या हिवाळ्यापासून जिने चढवेनासे झाले होते. लिफ्ट वापरणाऱ्यांना एक गोष्ट कधी सुचत नाही : लिफ्ट बंद पडली की ती चालू करणाऱ्याला जिन्यानेच वर जावं लागतं, आणि यंत्राची खोली असते गच्चीवर. तीस वर्षं तो हत्यारांची पेटी घेऊन सात-सात मजले चढला होता. आता तिसऱ्या मजल्यावर छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा, थांबावं लागायचं. मग त्याने एक युक्ती काढली. तिसऱ्या मजल्यावर तो लिफ्टच्या बंद दाराला कान लावून उभा राही. रहिवासी विचारत, काय झालं? तो बोट ओठांवर ठेवी. म्हणजे आवाज ऐकतोय. चार मिनिटं शांतता. रहिवाशांना वाटायचं, माणूस नाडी बघावी तशी लिफ्ट बघतोय. त्याचा लौकिक इतका वाढला की दोन सोसायट्यांनी खास त्यालाच पाठवा असा अर्ज केला. दोन्ही इमारती नऊ मजल्यांच्या होत्या.

घरी त्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आधी वाटलं थंडीमुळे असेल. मग वाटलं वजनामुळे असेल. मग उन्हाळा आला, वजन चार किलोने उतरलं, आणि कारणं संपली. तेव्हापासून तो या विषयावर विचार करायचं टाळत होता.

"बाबांच्या हिशेबानेच सगळं ठरवू," तो म्हणाला. "त्यांना त्रास नको."

"जावईबापूंना माझी फार काळजी," सासरे म्हणाले.

*

संस्थेच्या पत्रकात असंही म्हटलं होतं की निघण्याच्या सहा आठवडे आधी एकदा चाचणी करावी : पाठीवर सामान घेऊन आठ किलोमीटर, त्यात थोडा चढ हवा. बायकोने पुढचा रविवार धरला. कालव्याच्या काठाने पुलापर्यंत, पुलावरून पलीकडे, मग टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढ आणि त्याच वाटेने परत. एक वही घेतली, तिच्यात दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'बाबा', दुसऱ्यावर 'हे'.

कालव्याचा काठ सपाट होता. तिथे मेकॅनिक इतका रंगात आला की त्याने पुलाच्या खांबांबद्दल आपणहून माहिती दिली. सासरे दोन्ही हात मागे बांधून एका चालीने चालत होते. भरभर नाही, हळूही नाही. एखादं यंत्र चालू करून सोडून द्यावं तशी त्यांची चाल होती.

पूल ओलांडला आणि चढ लागला. शंभर पावलांवर मेकॅनिकच्या बुटाची नाडी सुटली. त्याने ती वाकून बांधली. पुढे दीडशे पावलांवर दुसऱ्या बुटाची सुटली. तीही बांधली. तिसऱ्यांदा तो वाकला तेव्हा सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं.  थोडं पुढे कुणाच्यातरी बागेची बुटकी भिंत होती, तिच्यापाशी जाऊन ते बसले.

"काय झालं, बाबा?" बायको वरून ओरडली.

"पाय भरून आले."

"खूप?"

"बसण्यापुरते."

मेकॅनिक त्यांच्या शेजारी टेकला. एकट्या म्हाताऱ्या माणसाला बसवून पुढे जाणं बरं दिसत नाही, असं तो म्हणाला, पण ते म्हणायला त्याला दोन श्वास लागले. सासरे समोरच्या घराची पत्रपेटी निरखून बघत होते. पेटी फार खाली बसवली आहे, असं त्यांचं मत पडलं. वाटणाऱ्याची कंबर जाते.

टाकीपर्यंत पोचेतो सासरे तीन वेळा बसले. बायकोने वहीत नोंद केली : बाबा, चढावर तीन वेळा बसले. नवऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ठीक.

*

त्या नोंदीने सगळा बेत बदलला. बायकोच्या मनात आधी तिसऱ्या श्रेणीची वाट होती; कड्यांच्या माथ्यावरून दीपगृहापर्यंत जाणारी. ती एका रात्रीत पहिल्या श्रेणीवर आली. वडिलांसाठी दोन काठ्या आणल्या. घडीची खुर्ची आणली. गुडघ्यांना बांधायचे पट्टे आणले, ते त्यांनी एकदा बांधून पाहिले आणि पुन्हा डब्यात ठेवले. रोज संध्याकाळी ती त्यांचे पाय गरम पाण्यात ठेवायला लावी आणि ते ठेवत. पाण्यातल्या पायांकडे ते असे पाहत की जणू कुणीतरी ठेवायला दिलेत आणि न्यायला विसरलाय.

मग तिघं संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी आधी वही पाहिली, मग सासऱ्यांना पाहिलं आणि आवाज चढवला.

"आजोबा! आपण! अगदी! सावकाश जायचं! बरं का!"

"बरं," आजोबा हळू आवाजात म्हणाले.

"मध्येच थकलात तर गाडी येईल! लाजायचं नाही!"

"नाही लाजणार."

सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाडीने जाईल, रोज पाच किलोमीटर, प्रत्येक किलोमीटरला बाक, असं ठरलं. बाईंनी भरायला एक अर्ज दिला. प्रत्येकाने स्वतःच्या प्रकृतीबद्दल खरं ते लिहून पुढच्या शुक्रवारपर्यंत आणून द्यायचा. निघताना बाई दार उघडून उभ्या राहिल्या आणि सासऱ्यांचा दंड धरून त्यांना एक पायरी उतरवून दिलं. मेकॅनिक मागेच होता. सासऱ्यांचा चेहरा त्याला दिसला नाही, नुसती मान दिसली. मान ताठ होती. 

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला त्याला एका सात मजली इमारतीत बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर थांबून, पाचव्यावर पुन्हा थांबून तो गच्चीवरच्या खोलीत पोचला. बिघाड किरकोळ होता. काम झाल्यावर दम खायला म्हणून तो छोट्या खिडकीपाशी उभा राहिला. खिडकीतून पाण्याच्या टाकीची टेकडी दिसत होती आणि तिचा चढ कागदावर रेघ काढावी तसा समोर होता.

रेघेवरून एक माणूस वर चालला होता. हात मागे बांधलेले, एका हातात पावाची पिशवी. रविवारी बसला होता त्या भिंतीवरून तो सरळ पुढे गेला. धावण्याचे कपडे घातलेल्या दोन तरुणांनाही त्याने मागे टाकलं. टाकीपाशी गेला, टाकीला हात लावला, वळला, खाली आला आणि पुन्हा वर निघाला.

मेकॅनिकने मोजलं. पाच वेळा.

घरी आला तेव्हा सासरे टेबलापाशी बसून पावाला लोणी लावत होते. बायको म्हणाली, "बघा ना, कोपऱ्यावरून पाव आणायला बाबांना दोन तास लागले. मी यांना एकट्याला सोडायलाच नको."

*

गुरुवारी संध्याकाळी बायको शाळेतून यायची होती. बाल्कनीत सासरे तिघांच्या बुटांना मेण चोळत बसले होते, ओल आत जाऊ नये म्हणून. बायकोचे बूट कोरे होते, कालच आणलेले. मेकॅनिक शेजारी स्टूल घेऊन बसला. बराच वेळ त्याने ब्रश शोधला. ब्रश त्याच्या हातातच होता.

"रविवारी तुम्ही भिंतीवर का बसलात?" शेवटी त्याने विचारलं.

"भिंत बसण्यासारखी होती."

"परवा तर नाही बसलात."

सासऱ्यांचा हात थांबला. "कुठून पाहिलंत?"

"गच्चीवरून. लिफ्टच्या खोलीतून."

"उंचावरून बघणाऱ्याचं काही खरं नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा मेण चोळायला घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, चौतीस वर्षं मी दारं वाजवली. दार उघडायला कुणाला किती वेळ लागतो, त्यावरून आत काय चाललंय ते कळतं. कुणी भांडत असतं, कुणी पैजामा शोधत असतं. कुणाच्यानं उठवत नसतं. तुमच्या नाड्या सुटत नव्हत्या."

मेकॅनिकने हातातल्या ब्रशचे केस बोटाने सरळ केले.

"किती दिवस झाले?"

"हिवाळ्यापासून."

"छातीत?"

"हं."

"हाताकडे येतं?"

"कधी कधी."

सासऱ्यांनी बूट खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले, एकेक बोट. "तुमच्या सासूबाईंनी सहा महिने लपवलं," ते म्हणाले. "मी दिवसभर चालून घरी यायचो, बेल वाजवायचो. पूर्वी लगेच दार उघडायची. मग वेळ लागायला लागला. आधी थोडा, मग बराच. मी बाहेर उभा राहून म्हणायचो, काय करतेस काय आत! गावभराच्या दारांचं मला कळायचं. आमच्या दाराचं नाही कळलं."

खाली रस्त्यावर एक मोटार मागे घेत होते. ती जागेवर लागेपर्यंत दोघं तिच्याकडेच बघत बसले.

"मग तेव्हाच का नाही बोललात मला?" मेकॅनिक म्हणाला. "स्वतःच्या डोक्यावर कशाला घेतलंत? त्या बाईंनी तुम्हाला धरून पायरी उतरवलं."

"एकच तर पायरी होती." सासऱ्यांनी पुन्हा ब्रश उचलला. "मला वाटलं, तुम्ही आपणहून बोलाल. आपणहून बोललेलं बरं असतं. अर्ज उद्या द्यायचाय. तोवर तुम्ही तिला सांगा. नाहीतर मी सांगतो, आणि मला नीट सांगता येत नाही. मी एकदम सांगतो."

*

जेवण झाल्यावर बायकोने अर्ज काढला. वडिलांचा भाग तिने आधीच भरला होता. नवऱ्याच्या नावापुढे 'ठीक' लिहायला पेन टेकवलं तोच मेकॅनिक म्हणाला, "तिथं तसं लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

"चढ चढवत नाही, असं लिही."

"ते बाबांचं. ते लिहिलंय मी."

"बाबांचं खोडून माझ्यापुढे लिही."

तिने पेन खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं. जिने सांगितले, तिसरा मजला सांगितला, दाराला कान लावणं सांगितलं, नाड्या सांगितल्या. लिफ्टच्या तक्रारवहीत बिघाड लिहावा तसं, एका सुरात, तारीखवार सांगितलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिने पहिली गोष्ट कुठली केली, तर वही उघडली.

"म्हणजे हे सगळं खोटं आहे?" ती म्हणाली. "मी उभ्या उभ्या लिहिलंय हे. पावसाळी वाऱ्यात लिहिलंय. 'बाबा तीन वेळा बसले.'"

"बसलो होतो मी," वडील म्हणाले. "तेवढं खरं आहे."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. तुमच्याशी नंतर बोलते." ती नवऱ्याकडे वळली. "आणि हिवाळ्यापासून म्हणजे? कुठल्या हिवाळ्यापासून?"

"ह्याच."

"नक्की?"

त्याने जरा विचार केला. "आधीच्याच्या शेवटी शेवटी थोडं होतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. भांडी सगळी घासून झालेली होती, हे दोघांनाही माहीत होतं. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात फोन होता. "उद्या सकाळी आठ चाळीसची वेळ मिळालीये," ती म्हणाली. "कामावर फोन करून सांगा, लिफ्ट बंद आहेत त्या बंद राहू देत."

डॉक्टर बाईंना लिफ्टच्या दाराला कान लावण्याच्या युक्तीचं मुळीच कौतुक वाटलं नाही. त्यांनी तारा लावून त्याला सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं आणि चौथ्या मिनिटाला पट्टा थांबवला. पुढच्या सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. मनगटातून नळी घालून तिथे छोटी जाळी बसवली. मेकॅनिक जागाच होता. पडद्यावर त्याला आपलंच काळीज दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, घाबरलात का? तो म्हणाला, नाही, लिफ्टचे दोर बदलताना आम्हीसुद्धा माणसांना आत ठेवत नाही, एवढंच. डॉक्टरांना ते कळलं नाही.

"चालायचं की नाही मग?" घरी सोडताना बायकोने विचारलं.

"चालायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, सपाटीवर. मग हळूहळू वाढवत न्या. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं."

"ते एरवीही फारसं बोलत नाहीत."

"मग बोलायला शिकवा."

अशी त्या घरात सकाळची फेरी सुरू झाली. सासरे आणि जावई कालव्याच्या काठाने निघत. सासरे प्रश्न विचारत, जावयाने उत्तर द्यायचं. नुसतं हो-नाही चालायचं नाही, किमान दोन वाक्यं. पहिल्या पंधरवड्यात सासऱ्यांना लिफ्टबद्दल इतकी माहिती झाली की एका शेजाऱ्याने लिफ्टबद्दल काही विचारलं तर तेच समजावून देऊ लागले. दुसऱ्या महिन्यात विषय संपले, तेव्हा मेकॅनिक आपल्या लहानपणाबद्दल बोलू लागला. हे बायकोलाही नवीन होतं. तिला ते वडिलांकडून कळायचं.

*

सहल तीन महिने पुढे गेली. अर्ज पुन्हा भरला. संस्थेच्या बाईंनी तो वाचला, मेकॅनिककडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका! आपण! अगदी! सावकाश!"

आता खरी पंचाईत झाली. सासऱ्यांना तिसरी श्रेणी झेपत होती आणि चौथीला त्यांची ना नव्हती. जावयाला पहिली. बायको मधली. गटातल्या सगळ्यात हळू माणसाप्रमाणे सगळ्यांनी जायचं, तर सासऱ्यांना ढकलगाडीच्या वाटेने चार दिवस चालवणं म्हणजे पुन्हा बावीस पावलांच्या घरात आणून ठेवणं. तिने दोन संध्याकाळ कागद मांडला. शेवटी तिने मुक्काम बदलणंच रद्द केलं. एकाच गावात, किनाऱ्यालगतच्या एका खाणावळीच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. रोज सकाळी सासरे कड्यावरच्या वाटेने जाणार, ती दोघं खालच्या वाटेने. दुपारी दोन्ही वाटा जिथे भेटतात तिथे सगळे जेवणार. भरतीच्या वेळा, बसच्या वेळा, बाकांच्या जागा, दमल्यास कुठे बाहेर पडायचं ते सगळं तिने तीन रंगांत लिहिलं. असं सुबक वेळापत्रक तिने शाळेतही कधी बनवलं नव्हतं.

पहिला दिवस ठरल्याबरहुकूम पार पडला. मेकॅनिक चार किलोमीटर चालला, दोन वाक्यांत बोलत. डाव्या हाताला पाणी होतं, उजव्या हाताला पिवळट दगडांचा कडा, आणि कड्याच्या माथ्यावर मधूनमधून एक ठिपका दिसायचा. ठिपक्याचे हात मागे बांधलेले असत.

दुसऱ्या दिवशी बायको दोन किलोमीटरवर खाली बसली. बाकावर नाही, जिथे होती तिथे, वाळूत.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे."

"अगं, झालं काय?"

तिने बूट काढला. टाचेला फोड आला होता, आणि तो कालचाच असावा, कारण आज तो फुटला होता. दुसऱ्या पायाचीही तीच गत होती. चाचणीच्या दिवशी तिच्या पायांत जुने कापडी बूट होते. नव्या बुटांत ती घरातून शाळेपर्यंतसुद्धा चालली नव्हती. मेकॅनिकने तिच्या पिशवीतून वही काढली, मलमपट्टीचा डबा कुठे ठेवलाय ते पाहायला. बाबांचा रकाना, आपला रकाना. तिचा रकाना कुठेच नव्हता.

"तू काल का नाही बोललीस?"

"कागदावर बसत नव्हतं," ती म्हणाली, आणि त्यावर तिलाच हसू फुटलं. टाच हातात धरून ती इतकी हसली की मागून येणारं एक जोडपं थांबून बघायला लागलं.

तिसऱ्या दिवशी ती खोलीतच राहिली, खिडकीशी, पाय उशीवर. वडिलांना म्हणाली, तुम्ही तुमच्या वाटेने जा, ह्यांना मी फोनवरून बघते. वडील बरं म्हणाले, दाराबाहेर पडले आणि जावयाबरोबर खालच्या वाटेला लागले.

"कड्यावर नाही जायचं?" मेकॅनिकने विचारलं.

"काल बघितला कडा. आज जाग्यावरच असेल."

दोघं निघाले. भरती ओसरत होती, ओली वाळू टणक होती. सासऱ्यांनी प्रश्न विचारला नाही तरी मेकॅनिक बोलत होता. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत, पण कंपनीने त्याला आता ऑफिसातलं काम दिलंय, तक्रारी ऐकायचं. तीस वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीवर बसतोय आणि खुर्ची फिरते, त्याची अजून सवय व्हायचीय, असं काहीबाही. सासऱ्यांची चाल आज निराळी होती. जावई थांबला की ती थांबायची.

साडेतीन किलोमीटरवर एक चहाची टपरी असेल आणि तिच्यापुढे अर्ध्या किलोमीटरवर बसचा थांबा, असं वेळापत्रकात होतं. टपरी होती, पण बंद. फळीवर लिहिलं होतं : आज सुट्टी. ते तसेच पुढे गेले, तर थांब्याच्या अलीकडे वाट थोडी चढावर जात होती. चढ तो काय, पन्नास-साठ पावलांचा. वर थांब्याचं छप्पर दिसत होतं आणि लांबून बस येताना दिसत होती.

मेकॅनिक पंधरा पावलं चढला आणि थांबला. नाडीकडे पाहिलं नाही, समुद्राकडेही पाहिलं नाही.

"मला बसायचंय," तो म्हणाला.

"बसा की."

"बस जाईल."

"जाऊ दे."

ते वाटेच्या कडेला गवतावर बसले. बस आली, थांब्यापाशी क्षणभर थांबली, कुणी नाही असं बघून निघून गेली. ड्रायव्हरने त्यांना पाहिलंही नाही. मेकॅनिकने मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी. ठीक होती. चढ उभा होता, वाटेत डबा खाऊन फार वेळ झाला नव्हता, एवढंच. सासऱ्यांनी बूट-मोजे काढले, पाय गवतात पसरले, टोपी तोंडावर ओढली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. चालताना ते जसे एका सुरात चालत, तसेच घोरतही होते.

फोन वाजला.

"पोचलात का थांब्यावर?" बायकोने विचारलं.

"नाही. बस गेली."

"अशी कशी गेली? पावणेदोनची आहे ती."

"आम्ही बसलो होतो."

"बसमध्ये?"

"गवतात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "बाबांना दम लागला?"

"नाही. मला लागला. पण साधा. थांबलो, गेला."

तिने आणखी एक पान उलटलं. मग म्हणाली, "पुढची दोन पंचावन्नला आहे. त्याच्यानंतर थेट साडेचार. दोन पंचावन्नची पकडा. बाबा काय करतायत?"

मेकॅनिकने शेजारी पाहिलं. सासऱ्यांच्या उघड्या अंगठ्यावर एक मुंगी चढत होती. अंगठ्याच्या टोकाशी ती थांबली, इकडेतिकडे वळली आणि पुन्हा निघाली.

"झोपलेत," तो म्हणाला. "उठवू?"

"अजून तासभर आहे," ती म्हणाली. "झोपू दे. तुम्हीही पडा जरा. मी दोन चाळीसला फोन करते."

त्याने फोन खिशात ठेवला, पाठीवरची पिशवी डोक्याखाली घेतली आणि सासऱ्यांपासून हातभर अंतर सोडून आडवा झाला.